हौसेने कराटे-ज्युदो: पुढचा क्लास धड अंगाने करायचा असेल तर

दिवसभर पणजीत किंवा वेर्ण्याला नोकरी करून संध्याकाळी साडेसहाचा क्लास गाठणाऱ्या माणसाचं गणित सोळा वर्षांच्या खेळाडूपेक्षा वेगळं असतं. खेळाडूला ठरलेल्या दिवशी पदक मारायचं असतं. हौशी माणसाला गुरुवारी क्लास करून शुक्रवारी कामावर जायचं असतं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा मॅटवर उभं राहायचं असतं. म्हणून काय करायचं, किती करायचं, कशावर करायचं, याचा निवाडा एकाच प्रश्नावर करावा: यानंतरचा क्लास धड अंगाने करता येईल का? खाली जे सांगितलं आहे ते सगळं याच हिशेबाने.

क्लास शोधताना

कराटे चांगलं की ज्युदो, तायक्वांदो की ब्राझिलियन जिउ-जित्सू, हा वाद चहाबरोबर ठीक आहे. प्रत्यक्षात घरापासून अर्ध्या तासाच्या आत जो चांगला शिकवणारा असेल त्याची कला शिकावी. वाळपईत राहून पणजीच्या क्लासला नाव घातलं, तर उत्साह पहिल्या पावसापर्यंत टिकतो. रात्री आतल्या गावांच्या बसगाड्या विरळ होतात आणि धो धो पावसात दुचाकीवरून तासभर परतणं कुणालाच फार दिवस जमत नाही.

चौकशीची सुरुवात सरकारी इनडोअर स्टेडियमपासून करावी. पेडे-म्हापसा, कांपाल, ताळगाव, नावेली, फोंडा इथल्या क्रीडासंकुलांत कुठल्या खेळाच्या बॅचेस चालतात ते तिथल्या कार्यालयात कळतं. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यात गतका आणि कलारीपयट्टूही होते; तेव्हा कराटे सोडून काहीच नसेल असं धरून चालू नये. गावातले क्लास बहुधा पंचायतीच्या सभागृहात, शाळेच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या मंडपात चालतात. त्यात कमीपणा काही नाही, फक्त खाली काय अंथरलंय ते बघावं.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण क्लास कडेला बसून पाहावा. सर कितव्या डॅनचे, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या कितव्या पायरीचे, आहेत यापेक्षा नवशिक्याचं काय होतं याकडे लक्ष द्यावं. नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, उभं करतात का? कुणी टॅप केल्यावर, म्हणजे "सोड" म्हणून हाताने थोपटल्यावर, समोरचा त्याच क्षणी सोडतो का, आणि नाही सोडलं तर सर बोलतात का? नुसत्या फरशीवर फेकाफेकी चालली असेल तर तिथून उठावं. मोठ्या माणसांची वेगळी बॅच नसेल, तर मुलांच्या बॅचमध्ये तुमच्या वाट्याला मुलांचाच सराव येईल, हे आधी समजून घ्यावं. मुलांना चालणाऱ्या बेडूकउड्या चाळिशीच्या गुडघ्याला चालत नाहीत.

खर्च एकदम विचारावा: महिन्याची फी, ड्रेस, बेल्ट परीक्षेची फी, संघटनेची वार्षिक वर्गणी. परीक्षेची फी पुढे वाढत जाते, आणि ती तिसऱ्या परीक्षेच्या वेळी कळली की चिडचिड होते.

कुठली कला अंगाचा कुठला भाग झिजवते, एवढं माहीत असलं की निवड सोपी होते. कराटे आणि तायक्वांदोत खुबे, गुडघे आणि मांडीची मागची शीर. ज्युदोत खांदे, बोटं आणि पडण्याचे मुके मार. जिउ-जित्सूत मान, कोपर आणि कातडी. बॉक्सिंगमध्ये हात आणि डोकं. ज्याचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्याने लाथांच्या कलेत शिरण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

ड्रेस आणि पट्टा

कराटेचा ड्रेस ८ औंसांच्या आसपासच्या हलक्या कापडाचा घ्यावा. १२-१४ औंसांच्या जाड कापडाचा पंच मारताना सुरेख आवाज येतो, पण मे महिन्यात असा ड्रेस पंधरा मिनिटांत भिजून ओझं होतो. ज्युदो आणि जिउ-जित्सूला मात्र हलकं कापड चालत नाही. कॉलर धरून ओढली की कराटेचा ड्रेस काखेत फाटतो. ड्रेसचा नंबर म्हणजे सेंटीमीटरमधली उंची. कापड शंभर टक्के सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून १६८ सेंमी उंचीच्या माणसाने १७० घेऊन फसण्यापेक्षा १८० घ्यावा आणि पायजमा दुमडून शिवावा. धुणं थंड पाण्यात, ब्लीच नको. पावसाळ्यात दोन ड्रेस लागतातच. मंगळवारचा ड्रेस गुरुवारपर्यंत वाळत नाही, आणि ओलसर ड्रेसमध्ये क्लास करून काय होतं ते पुढे येईलच.

ड्रेसची डावी बाजू उजवीच्या वर, बाई असो की पुरुष. पट्ट्याचा मध्य बेंबीखाली धरून दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणायची. वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून वर काढायचं आणि मग दोन्ही टोकांची सपाट गाठ मारायची. टोकं समान लांबीची आणि आडवी राहिली की गाठ बरोबर. वर-खाली उभी राहिली तर शेवटचा फेर उलटा पडलाय आणि ती दहा मिनिटांत सुटणार.

आधी पडायला शिका

कराटे शिकणाऱ्यांनासुद्धा हे लागू आहे, कारण मॅटवर घसरायला फेकणारा लागत नाही. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं. जुन्या जुजुत्सूतले धोक्याचे प्रकार त्यांनी रांदोरीतून, म्हणजे मोकळ्या लढतीतून, बाजूला काढले आणि ते फक्त कातात, म्हणजे ठरलेल्या चालींच्या साखळीत, ठेवले. पूर्ण जोर लावून रोज सराव करता यावा आणि दुसऱ्या दिवशी माणूस परत यावा, हा त्यामागचा सरळ विचार होता. तो जमतो मात्र पडणाऱ्याला पडता येत असेल तरच.

मागे पडण्याचा सराव असा वाढवावा:

१. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या आणि तळवे खाली करून मॅटवर आपटा. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर. यापेक्षा वर गेले तर खांदा दुखतो, फार जवळ राहिले तर हात अंगाखाली सापडतो.

२. बसून तेच. पाठ गोल ठेवून मागे लोळायचं, खांद्याची पाती टेकतील त्या क्षणी हात आपटायचे, श्वास तोंडाने सोडायचा.

३. उकिडवं बसून. ढुंगण टाचांच्या अगदी जवळ टेकवायचं. लांब टेकलं की माकडहाडावर आदळतं.

४. उभं राहून, पण मागे झेप घेऊन नाही. एक पाय मागे घेत उकिडवं व्हायचं आणि मग तिसऱ्या पायरीसारखंच.

प्रत्येक पायरी दहा-दहाच्या तीन फेऱ्या. डोकं एकदाही मॅटला लागता कामा नये. लागलं तर एक पायरी मागे. मान कमजोर असणाऱ्यांची हनुवटी सातव्या-आठव्या वेळी सुटते, तेव्हा तिथेच थांबून उरलेल्या पुढच्या दिवशी कराव्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पडताना मागे हात टेकणं. सगळं वजन ताणलेल्या मनगटावर येतं आणि मनगटाजवळचं हाड मोडतं, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं स्कॅफॉइड. हे स्कॅफॉइड लबाड असतं: सूज थोडी, पहिला एक्स-रे पुष्कळदा साफ. अंगठा ताणल्यावर मनगटाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर मनगट बांधून ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला हवा. नुसता लेप लावून वाट बघितली तर हाड जुळत नाही आणि पुढे कायमचं दुखणं राहतं.

कुशीवर पडताना दोन्ही गुडघे एकमेकांपासून वेगळे राहायला हवेत. पाय एकावर एक पडले तर घोट्याची हाडं एकमेकांवर आपटतात. एकदा आपटली की पुन्हा सांगावं लागत नाही. या सरावाला ४० मिमी जाडीची मॅट लागते. २० मिमीची कोडं जोडल्यासारखी मॅट कराटेच्या चालींना पुरते, फेकीला नाही. घरात गादीवर पहिल्या दोन पायऱ्या चालतील. पुढच्या नको, मऊ गादीवर चुकीचं पडणंही सुखाचं वाटतं आणि तीच सवय लागते.

घरचा सराव: वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा

आठवड्याला दोन क्लास आणि मध्ये तीन वेळा वीस मिनिटं. नोकरदाराला एवढं झेपतं आणि प्रगती दिसायला पुरतं. रविवारी सलग दोन तास करून हे भरून निघत नाही. शरीर चाल शिकतं ते वारंवार आणि ताज्या अंगाने केल्यावर. दुसऱ्या तासात माणूस थकून चुकीची चालच घोटत असतो.

जागा दोन बाय दोन मीटर. मोझाइक किंवा गुळगुळीत टाइल्सवर अनवाणी उभं राहिलात आणि तळवे घामाने ओले झाले की पाय घसरतो; तळवे कोरडे असले तर उलट चिकटतो, आणि चिकटलेल्या पायावर अंग वळलं की पीळ गुडघ्यात जातो. म्हणून चार-सहा मॅटचे तुकडे टाकावेत, किंवा मागच्या दारी सारवलेलं आंगण असेल तर त्याहून चांगलं काही नाही. छपराच्या घरात वाशापंख्याची उंचीही बघून घ्यावी. काठी फिरवणाऱ्यांना हे सांगायला लागतं.

वीस मिनिटांची वाटणी: पाच मिनिटं अंग गरम करणं (जागच्या जागी चालणं, खुबे आणि खांदे फिरवणं, पाय हलकेच पुढे-मागे झुलवणं), दहा मिनिटं एकच तंत्र किंवा एकच काता, शेवटची पाच मिनिटं ताण. ताण धरून बसणं शेवटीच; प्रत्येक ठिकाणी ३० सेकंद. थंड अंगाने मांडीची मागची शीर खेचली तर ती लवचीक होत नाही, दुखावते, आणि एकदा दुखावली की सहा-सहा आठवडे लाथ वर जात नाही.

स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ठेवण, तपासायला आरसा किंवा मोबाइल. कराटेच्या शोतोकान शैलीतला झेनकुत्सु-दाची हा पुढचा लांब स्टान्स घ्या: लांबी साधारण दोन खांद्यांएवढी, रुंदी एका खांद्याएवढी, वजन ६० टक्के किंवा थोडं जास्त पुढच्या पायावर. वरून पाहिल्यावर पुढचा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसला पाहिजे. नवशिक्याचा गुडघा आत पडतो, आणि दोन्ही पाय एका रेषेत येऊन तो दोरीवर चालल्यासारखा डुगडुगतो. डुगडुगलात की रुंदी कमी पडली असं समजा. खोल बसण्याचा हट्ट पहिलं वर्षभर नको.

गोल लाथेत, म्हणजे मावाशी-गेरीत, टेकलेल्या पायाकडे लक्ष द्यावं. लाथ जाताना तो पाय चवड्यावर किमान ९० अंश बाहेर वळायला हवा, टाच लक्ष्याकडे येईपर्यंत. तो वळला नाही तर खुबा अडतो आणि उरलेलं वळण गुडघा भरून काढतो. खुर्चीची पाठ धरून, लाथ कमरेखाली ठेवून, नुसतं पाय वळवणं आणि गुडघा उचलणं असे दहा-दहा डावे-उजवे रोज केले तर दोन महिन्यांत फरक कळतो. उंची नंतर येते, आणि नाही आली तरी हौशी माणसाचं काही अडत नाही.

कातासाठी सगळ्यात सोयीचा हेइआन शोदान. इतोसु आंको यांनी १९०५ च्या सुमारास ओकिनावातल्या शाळांत पिनान नावाचे पाच काता आणले. पुढे फुनाकोशी गिचिन यांनी त्यांना हेइआन नाव दिलं. शाळेतल्या मुलांसाठीच असल्यामुळे ते लहान आणि नीट पायऱ्यांचे आहेत. हेइआन शोदानच्या चाली २१, किआइ, म्हणजे जोराची आरोळी, नवव्या आणि सतराव्या चालीवर. आधी फक्त पाय: हात कमरेवर ठेवून वळणं आणि पावलं. मग फक्त हात, जागेवर उभं राहून. मग दोन्ही, अतिशय हळू, एका चालीला एक श्वास. पूर्ण वेग शेवटच्या एका फेरीला. दोन मीटरच्या जागेत सलग तीन पावलं मावत नाहीत, तेव्हा प्रत्येक पावलानंतर दोन्ही पाय एकदम मागे सरकवून जागा परत मिळवायची. परीक्षेआधी मात्र एकदा मोठ्या जागेत करून बघा. घरातला काता सरळ रेषेत वाटतो आणि हॉलमध्ये सुरुवातीच्या खुणेपासून हातभर भलतीकडे संपतो.

बहुतेकांचं २७० अंशांच्या मागच्या वळणावर अडतं. सोळा-सतरा फेऱ्या नुसतं घोकत बसण्यापेक्षा कागदावर आय अक्षरासारखी रेषा काढावी आणि वळणांना बाण द्यावेत; डोक्यात नकाशा बसला की पाय आपोआप जातात.

किनाऱ्यावरचा सराव छान दिसतो, त्याचे नियम मात्र वेगळे. ओहोटीच्या वेळी मागे राहणारी ओली घट्ट वाळू चालते, कोरडी मऊ वाळू नाही. तीत पाय रुततो आणि लाथ मारताना वळत नाही. मिरामार असो की कोलवा, किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली राहतो. दर पाच मिनिटांनी तोंड उलट दिशेला करावं. आधी ती जागा पायांनी चाचपून काचा बघाव्यात. जून ते सप्टेंबर किनाऱ्याचा बेत नको.

मूठ आणि बॅग

चार बोटं आत घट्ट दुमडून अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर. मार लागतो तो याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर, आणि मनगटाची वरची बाजू हाताच्या रेषेत सरळ. करंगळीच्या बाजूने मारणाऱ्याचं तळहातातलं पाचवं हाड मोडतं. हा इतका ठरलेला अपघात आहे की त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चर असंच नाव पडलं आहे.

बॅग ३० किलोंच्या आसपासची, जुने कपडे आणि चिंध्या ठासून भरलेली. घरी वाळू भरणं हा फुकटचा त्रास: वाळू खाली बसते, खालचा भाग दगडासारखा होतो आणि वरचा पोकळ. बॅग टांगायची ती स्लॅबच्या बीमला बोल्ट मारून. जुन्या कौलारू घराच्या वाशाला टांगू नये. बॅगेचं वजन तो कदाचित पेलेल, दर ठोशाचा हिसका पेलेलच असं नाही, आणि कौलं सरकली की पावसाळ्यात कळतं. हाताला ४.५ मीटरची पट्टी, तिच्यावर १०-१२ औंसांचे ग्लोव्हज. सुरुवातीला दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट, ताकद अर्धी. बॅग ढकलली जात असेल तर तुम्ही अंतर चुकून फार जवळ उभे आहात. तिथल्या तिथे थरथरली पाहिजे.

जोडीदाराबरोबर

स्पारिंगची पायरी घाईने चढू नये. आधी ठरलेले हल्ले ठरलेल्या संख्येने, मग एकच ठरलेला हल्ला, मग हल्ला कुठला ते न सांगता, आणि सगळ्यात शेवटी मोकळं. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी दोघांनी तोंडाने ठरवावं: किती ताकद, डोक्याला स्पर्श चालेल की नाही. "हलकं खेळूया" एवढ्याने भागत नाही. ९० किलोच्या माणसाचं हलकं आणि ५५ किलोच्या मुलीचं हलकं एक नसतं. राउंड तापत जातो तो दोघांच्याही नकळत. एकाने जोर वाढवला की दुसऱ्याने मागे सरकून "सर, जरा कमी" म्हणावं, त्यात लाज काही नाही.

माउथगार्ड सगळ्यांना, क्रॉच गार्ड पुरुषांना, लाथा असतील तर नडगीचे गार्ड. स्पारिंगचे ग्लोव्हज १४-१६ औंसांचे. बॅगेचे दबलेले ग्लोव्हज जोडीदारावर वापरू नयेत. हेडगार्डने भुवई फुटत नाही, मेंदूला बसणारा हिसका मात्र त्याने थांबत नाही. हेडगार्ड घातलं म्हणून जोरात मारायला मोकळीक मिळाली, असं समजणारेच जास्त धोक्याचे.

जमिनीवरच्या कुस्तीत टॅप लवकर करावा. कोपराच्या लॉकमध्ये दुखायला लागतं तेव्हा थोडा वेळ हातात असतो. टाचेच्या पिळात गुडघ्याचा अस्थिबंध आधी जातो आणि दुखणं मागून येतं. हात अडकला असेल तर पायाने मॅट आपटावी किंवा तोंडाने सांगावं.

पावसाळा, घाम, कातडी

गोव्यात हौशी लोकांचा सराव गुडघ्यापेक्षा जास्त वेळा गजकर्णाने बंद पडतो, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. जून ते सप्टेंबर हवा ओली, ड्रेस ओला, मॅट ओली. क्लासनंतर तासाभरात साबणाने आंघोळ, मांड्यांचे सांधे आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या. ओला ड्रेस बॅगेत रात्रभर ठेवू नये, रात्रीच पंख्याखाली. ग्लोव्हज तोंड उघडून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवावेत आणि बोळे दुसऱ्या दिवशी बदलावेत. कपाटात बंद केलेल्या चामडी ग्लोव्हजवर पंधरवड्यात हिरवी बुरशी येते.

कडेला लाल, मध्ये उजळ असा खाजरा गोल चट्टा दिसला तर क्लास बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे. मेडिकलवरून मागून आणलेल्या मलमात बहुधा स्टेरॉइड असतं; खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते आणि नंतर महिनेच्या महिने जात नाही. जोडीदारांना सांगून टाकावं, म्हणजे तेही बघतील.

मॅट पुसायला साधारण पाच टक्क्यांचं घरगुती ब्लीच, १ लिटर पाण्यात २० मिली. पुसून दहा मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्याने. याच बादलीत ॲसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. आठवड्यातून एकदा मॅट उचलून खालची फरशी वाळवावी. पावसाळ्यात खरा वास तिथूनच येतो.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा. हवेत आधीच दमट ओल असल्यामुळे घाम गळतो पण वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. क्लासच्या आधी आणि नंतर वजन करून बघा: एक किलो कमी झालं म्हणजे लिटरभर पाणी गेलं, पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर हळूहळू प्यावं. आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं, पाणी चांगलंच, पण त्यात मीठ कमी असतं आणि घामातून जातं ते मीठच. चिमूटभर घालावं, किंवा १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोकं दुखून मळमळायला लागलं तर क्लास संपवायची वाट बघू नये. साडेसहाच्या क्लासला दुपारची शीतकडी चालते. साडेचारला एक पाव किंवा केळं, नंतर काही नको.

लागलं तर

घोटा मुरगळला आणि स्वतःच्या पायाने चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला दाबून दुखत असेल, तर एक्स-रे. चार पावलं टाकता आली तर बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, पट्टी, पाय उंच. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, मालीशवाल्याकडेही जायचं नाही. गुडघ्यात "टक्" आवाज येऊन दोन-तीन तासांत तो भरून सुजला तर आत रक्त साचलंय असं धरून डॉक्टर गाठावा, आठवडाभर थांबू नये.

डोक्याला मार बसून गरगरलं, काही क्षण आठवेना, उलटी झाली, तर त्या दिवशीचा सराव संपला, कितीही बरं वाटलं तरी. एकट्याने गाडी चालवत घरी जायचं नाही. झोप अनावर होणं, डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा उलटी होणं यांपैकी काही दिसलं तर १०८ ला फोन. सगळी लक्षणं गेल्यावर आधी चालणं, मग एकट्याचा हलका सराव, मग जोडीचा ठरलेला सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर स्पारिंग. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस.

वही आणि परीक्षा

क्लासहून आल्यावर पाच ओळी लिहायच्या: काय शिकवलं, सरांनी मला काय सुधारायला सांगितलं, घरी काय करायचं. मधली ओळ सगळ्यात मोलाची. दोन महिन्यांनी वही चाळली की तीच सूचना चारदा आलेली दिसते. मोबाइलचा व्हिडिओ कमरेच्या उंचीवरून आणि एकदा बाजूने घ्यावा. वरून घेतला तर स्टान्स खोल दिसतो आणि माणूस उगाच खूश होतो. बघताना एका वेळी एकच गोष्ट: आज फक्त मागची टाच, उद्या फक्त मागे खेचला जाणारा हात. इंटरनेटवर तोच काता दुसऱ्या शैलीचा असेल तर हात वेगळे दिसतील, तेव्हा आधी आपल्या शैलीचं नाव नीट माहीत करून घ्यावं. नवं पाहिलेलं काही क्लासमध्ये परस्पर जोडीदारावर करून बघू नये.

क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, उतरत्या क्रमाने मोजतात, डॅन चढत्या. पट्ट्यांचे रंग संघटनेप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्या क्लासच्या नारिंगीशी आपला हिरवा ताडून बघण्यात अर्थ नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक असा काळ घालून दिला आहे. यावरून "दीड वर्षात ब्लॅक बेल्ट" म्हणणाऱ्या जाहिरातीचं काय करायचं ते ठरवता येतं. परीक्षेच्या आठवड्यात नवीन काही शिकायचं नाही, आणि आदल्या दिवशी पूर्ण विश्रांती.

चवथीनंतर

गोव्यातल्या क्लासला हमखास मोठी खोट पडते ती चवथीला, आणि पुढे शिगम्याला. आरत्या, जागरणं, नेवऱ्या. दहा-पंधरा दिवस मॅट दिसत नाही. त्यात सराव ओढून आणण्याचा हट्ट करू नये. रोज डोळे मिटून एकदा काता मनात चालवला आणि पाहुणे उठल्यावर खुबे फिरवले तरी पुरे. परतल्यावरचा पहिला आठवडा निम्म्या फेऱ्यांचा, लाथा कमरेखाली, स्पारिंग नाही, आणि उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, पुन्हा पहिल्या पायरीपासून, कारण सुट्टीत सगळ्यात आधी हनुवटी विसरते. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण फेऱ्या पण अर्धा वेग, जोडीचा सराव ठरवून. दम आधी परत येतो, शिरा मागून. म्हणून बरं वाटायला लागलं तरी पहिला मोकळा राउंड तिसऱ्या आठवड्यातच, आणि तोही क्लासमधल्या सगळ्यात शांत जोडीदाराबरोबर.